हळद

आल्याच्या कुळातील कंदवर्गीय पीक. शास्त्रीय नाव कर्क्युमा लोंगा. संस्कृतात हरिद्रा, निशा, रजनी. मधल्या जाड कंदाला गड्डा आणि त्याला फुटलेल्या बोटांना हळकुंडे म्हणतात. अक्षय तृतीयेच्या सुमारास लागण होते, आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळला की काढणी. ओली हळद शिजवतात, उन्हात वाळवतात आणि ढोलात घासून तिला पॉलिश करतात. उत्तम हळकुंड मोडताना खणखणीत आवाज होतो व आत गडद नारिंगी रंग दिसतो.

वर्धा जिल्ह्यातील वायगाव हळदीला 2016 मध्ये, तर सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरून ती साठवण मोडकळीस आली.

स्वयंपाकात हळदीचे काम चिमूटभराचे, पण वेळेचे. मोहरी तडतडल्यावर, हिंगापाठोपाठ ती फोडणीत पडते. तेल जास्त तापले तर करपते आणि पदार्थ कडसर होतो. हळदीचे पान मात्र मराठी घरांतही सर्वत्र माहीत नाही. कोकण-गोव्यात श्रावणात ताज्या पानावर तांदळाचे पीठ पातळ थापून, ओले खोबरे व गूळ भरून, पान दुमडून पातोळी उकडतात. उकडल्यावर पान सोलले की पातोळीवर त्याच्या शिरा उमटलेल्या असतात आणि वास आत मुरलेला असतो. हिंदू घरांत नागपंचमीला होणारी ही पातोळी गोव्यातील ख्रिस्ती घरांत 15 ऑगस्टच्या मारियामातेच्या सणाला होते.

आयुर्वेदात हळद जखम, त्वचाविकार व प्रमेहावर सांगितली आहे. मुका मार लागल्यावर लेप आणि खोकल्याला हळद-दूध हे घरोघरचे उपाय. जखमेवरील याच उपयोगाचे पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. हळदीतील पिवळे द्रव्य, कर्क्युमिन, शरीरात फार कमी शोषले जाते. मिरीतील पायपरिनमुळे शोषण वाढते. म्हणूनच शोषण वाढवलेल्या कर्क्युमिनच्या तीव्र मात्रेच्या गोळ्या म्हणजे स्वयंपाकातली हळद नव्हे. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

हळद अल्कलीत लाल होते. कपड्यावरच्या डागाला साबण लावला की तो लालसर दिसतो, तो याचमुळे. उन्हात मात्र डाग फिका पडत जातो. पारंपरिक कुंकू लाल होण्याच्या याच गुणावर तयार होते, म्हणजे करंड्यातले हळद आणि कुंकू मुळात एकच. लग्नात नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडे जाते. जेजुरीला खंडोबाचा भंडारा, म्हणजे हळदीची पूड, सोमवती अमावस्येला इतका उधळला जातो की पायऱ्या, माणसे, पालखी सारे पिवळे होते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका हळदीकुंकवाला एकमेकींकडे जातात. या बोलावण्यातून विधवांना वगळण्याची रूढी अन्यायाची आहे, आणि ती मोडू लागली आहे. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसण्यासारख्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला.