अँटवर्पचे वीरिक्स बंधू आणि फादर स्टीफन्सचे पुराण

'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ सालचा आणि मृत्यू १६१९ सालचा, हे मराठीच्या विद्यार्थ्यास ठाऊक असते. त्याच १५४९ साली अँटवर्प शहरात योहानेस वीरिक्स जन्मला आणि त्याचा धाकटा भाऊ हिएरोनिमस १६१९ सालीच वारला. सनावळीतील अशा योगायोगांवर काही उभारावे असे आम्हांस एरवी वाटत नाही. परंतु येथे एकाच ख्रिस्तचरित्राच्या दोन अवतारांचा प्रश्न आहे. एक अवतार तांब्यावर कोरला गेला, दुसरा ओवीत रचला गेला. आणि छापखान्याने दोघांना सारखी वागणूक दिली नाही.

योहानेस, हिएरोनिमस आणि अँटोनियस हे तिघे वीरिक्स बंधू धार्मिक मुद्राचित्रांचे कारागीर होते. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर टोकदार कोरणीने रेषा खोदायची, खोदलेल्या चरांत शाई भरायची, वरची शाई पुसून ओलसर कागद त्यावर दाबायचा, असे ते काम. कागदावर चित्र उलटे उमटते. म्हणून कोरणाऱ्यास डावे-उजवे बदलूनच विचार करावा लागतो. थोरल्या दोघांनी बारा-तेरा वर्षांच्या वयात ड्यूररच्या चित्रांच्या प्रतिकृती कोरल्या आणि खाली अभिमानाने आपले वयही घातले.

त्यांचे वर्तन मात्र चित्रविषयाला साजेसे नव्हते. दारूच्या नशेत एका स्त्रीच्या मृत्यूस कारण झाल्याबद्दल हिएरोनिमसला तुरुंगवास घडला. प्रसिद्ध मुद्रक प्लांतँ याने १५८७ साली तक्रार केली आहे, की ही मंडळी दोनेक दिवस काम करतात आणि मिळालेले पैसे गुत्त्यात उडवतात. ज्याला काम हवे त्याने त्यांची देणी फेडावीत आणि गहाण पडलेली हत्यारे सोडवून आणावीत. संतचरित्रांवर वाढलेल्या आपल्या मनाला हे खटकते. अभंगामागे तसेच जगणे असावे अशी आपली अपेक्षा असते. जेझुइटांची अपेक्षा निराळी होती. त्यांना रेषा अचूक हवी होती, आणि ती या बंधूंच्या हातात होती.

तिचा कस लागला तो फादर हेरोनिमो नादाल यांच्या ग्रंथात. इग्नेशियस लोयोला यांच्या या सहकाऱ्याने सिद्ध केलेली शुभवर्तमानांची चित्रमाला त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, १५९३ साली, अँटवर्प येथे प्रसिद्ध झाली. चित्रे १५३, त्यांतील बहुतेक वीरिक्स बंधूंनी कोरलेली. प्रत्येक चित्रात प्रसंगाच्या भागांवर लहान अक्षरे घातलेली असून खाली त्या त्या अक्षराचे स्पष्टीकरण आहे. दृष्टी कोठून कोठे न्यावी हे ठरवून दिलेले. म्हणजे चित्र पाहायचे नसून वाचायचे. इग्नेशियसच्या ध्यानपद्धतीत साधकाने प्रसंगाचे स्थळ मनश्चक्षूंपुढे उभे करावयाचे असते. तेच स्थळ येथे तांब्यावर बांधून मिळाले.

फ्लेमिश छपाई याआधीच हिंदुस्थानात शिरली होती. १७ नोव्हेंबर १५७९ रोजी अक्वाव्हिवा, मोन्सेराते आणि हेन्रिकेश हे तीन जेझुइट गोव्याहून अकबराच्या दरबाराकडे निघाले. स्टीफन्स गोव्यात उतरले त्यास तेव्हा महिनाही झाला नव्हता. दमणपर्यंतचा त्यांचा प्रवास समुद्रमार्गे झाला; आमच्या बोळिंजच्या पश्चिमेस अर्नाळ्यापलीकडे जो समुद्र दिसतो, त्यातूनच ही वाट जाते. १५८० साली फत्तेपूर सिक्रीत त्यांनी प्लांतँच्या छापखान्यातील बहुभाषी बायबल अकबरास अर्पण केले, आणि बादशहाने ते मस्तकी धरले. पुढे जहांगीरच्या काळात निनी नावाच्या चित्रकर्तीने (ती स्त्री असावी असे अभ्यासक मानतात) हिएरोनिमसच्या मुद्राचित्रावरून संत सिसिलियेचे हौतात्म्य रंगविले. नादालच्या चित्रांवरून चीनमध्येही १६३७ साली लाकडी ठशांचे पुस्तक निघाले. ज्यांनी ड्यूररची नक्कल करून हात बसवला, त्यांची नक्कल आता दूरदेशीचे कलावंत करीत होते. हिला निव्वळ नक्कल म्हणणे आम्हांस पटत नाही. आपल्याकडे एकाच रामकथेची कितीतरी आख्याने झाली, त्यांना कोणी उसनी म्हणत नाही.

आता स्टीफन्स. पूर्वीची पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी त्यांनी जवळपास अकरा हजार ओव्या रचल्या. पण छापणार कसे? १६०८ सालच्या पत्रात त्यांनी रोमला कळविले, की या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापावीत अशी आपली फार दिवसांची इच्छा आहे, अडचण ठशांची. येथील लिपी अक्षरांची, त्यामुळे ठसे सहाशेच्या घरात जातात. रोमन वर्णमाला चोवीसांत भागते. चित्राला लिपी नसते. अँटवर्पचा एक पत्रा लाहोरला चालला, चीनला चालला. मराठी ओवीला मात्र धातू मिळाला नाही. १६१६ साली राचोल येथे पुराण छापले ते रोमन अक्षरांत. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा निघाले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे.

वीरिक्स बंधूंची चित्रे युरोपातील संग्रहालयांत शेकड्यांनी जपलेली आहेत. मंगळूरला १९०७ साली पुराणाची नवी आवृत्ती निघाली, तीही रोमन लिपीतच. देवनागरी अक्षरांत ते पुण्याला छापले गेले १९५६ साली, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली.