पुढच्या चाकाचा पाऊण इंच

वसंतातल्या व्याख्यानांना जमणाऱ्या मंडळींपुढे संतांचा, राजांचा आणि लढायांचा इतिहास नेहमीच येतो. आम्ही आज एका चाकाचा इतिहास सांगणार आहोत. तोही सबंध चाकाचा नव्हे, जीपगाडीच्या पुढच्या चाकापाशी असलेल्या पाऊण इंचाचा. विषय क्षुल्लक वाटेल. पण या बोरी अरबच्या भोवतालच्या काळ्या भुईत, पावसाळ्यातल्या पांदणीतून वाट काढता यावी म्हणून एखादा तरुण आपली जुनी जीप दोन-तीन इंच उंच करून घेतो, आणि मग त्याच जीपमध्ये घरची माणसे बसवून यवतमाळच्या डांबरी सडकेने भरधाव निघतो. त्या सर्वांचा जीव या पाऊण इंचावर अवलंबून असतो, म्हणून हा प्रपंच.

आपल्या बंडीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. दोन चाके, एक आख, पुढे जू. वळायचे ते बैलांनी. आख त्यांच्या मागून येतो. धुरकऱ्याला डुलकी लागली तरी बैल बंडी घरी आणून उभी करतात. पुढे या भागात आगगाडी आली. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीच्या कारभाराखाली सुरू झालेली, मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला येणारी ती अडीच फुटी रुळांची गाडी! लोकांनी लाडाने तिचे नाव शकुंतला ठेवले. तिलाही वाट शोधावी लागत नसे. ती रुळांनी आधीच ठरवून दिलेली. बैल नाहीत आणि रूळही नाहीत असे वाहन रस्त्यावर आले, तेव्हा मात्र त्याला सरळ कोण ठेवणार, हा प्रश्न उभा राहिला.

युरोपातील चारचाकी बग्ग्यांचा पुढचा आख मधोमध एका खुंटीवर सबंध फिरत असे. आख फार वळला की बग्गीचा आधार एका बाजूला जाई आणि ती कलंडे. म्यूनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या गाडी-कारागिराने यावर तोड काढली : आख स्थिर ठेवायचा आणि फक्त त्याच्या टोकांवरची चाके आपापल्या खुंटीवर फिरवायची. लंडनमध्ये त्याचे मुखत्यार असलेल्या आकरमान यांनी १८१८ मध्ये तिचे पेटंट घेतले, आणि आजही ती रचना आकरमान यांच्याच नावाने ओळखली जाते. कर्त्याचे नाव मागे आणि मुखत्याराचे पुढे, हा प्रकार इतिहासात नवा नाही.

चाके वळू लागली. पण वळलेली चाके पुन्हा सरळ कशी व्हावीत? घोड्यांच्या बग्गीत ते काम घोडे करीत. मोटारीत कोणी करीत नव्हते. १८९६ साली पॅरिसहून मार्सेयला जाऊन परत येण्याच्या शर्यतीत पानार-लेव्हासोर कंपनीचे एमिल लेव्हासोर स्वतः गाडी हाकीत होते. सुकाणू म्हणजे हातचक्र नव्हे, नावेच्या सुकाणूसारखी एक दांडी. वाटेत कुत्रे आडवे आले, गाडी उलटली. लेव्हासोर त्या दुखापतीतून नीट सावरले नाहीत. एप्रिल १८९७ मध्ये ते वारले.

त्याच १८९६ सालच्या एका पेटंटात या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले होते. ते आर्थर क्रेब्स यांचे. हे गृहस्थ फ्रेंच सैन्यातील अधिकारी. १८८४ मध्ये रनार यांच्यासह त्यांनी ‘ला फ्रान्स’ हे हवाईजहाज उडविले आणि सुटल्या जागी परत आणून उतरविले. परत येण्याची विद्या त्यांना आकाशात साधली होती, तीच त्यांनी जमिनीवर आणली. चाक ज्या खुंटीवर फिरते तिची रेघ जमिनीपर्यंत वाढवावी. ती जिथे टेकते त्याच्या किंचित मागे चाकाचा भुईला स्पर्श व्हावा. असे केले की चाक आपल्या खुंटीमागे ओढले जाते आणि हात सैल सोडताच सरळ होते. दवाखान्यातील ढकलगाडीची लहान चाके पाहा. ढकलाल त्या दिशेला ती आपोआप मागे वळतात. तत्त्व तेच. लेव्हासोर यांच्यानंतर क्रेब्स त्याच कंपनीचे प्रमुख झाले. मोटारीत ही खुंटी म्हणजे किंगपिन. तिचे वरचे टोक मागे कलवतात आणि त्या कोनाला कास्टर म्हणतात.

आता जीपकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. १९४५ मध्ये मुंबईत स्थापन झालेली महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली. तिने १९४७ पासून विलिस जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडण्यास आरंभ केला. १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना आली आणि सरकारी अधिकाऱ्याची जीप खेड्यापाड्यांच्या ओळखीची झाली.

त्या युद्धकालीन जीपचा कास्टर ३ अंश. चाकाची त्रिज्या सुमारे १४ इंच. हिशेब केला तर खुंटीची रेघ आणि चाकाचा भूस्पर्श यांत अंतर पडते ते पाऊण इंचाच्या आतबाहेर. किंगपिन आतल्या बाजूसही कललेली असते, तिचाही चाक सरळ करण्यात हातभार लागतो. पण वेगाने जाणारी गाडी सरळ ठेवण्याचे मुख्य काम या पाऊण इंचाचे.

आणि जीप उंच करताना हाच पाऊण इंच जातो. पुढच्या पाट्याचे एक टोक साट्याला पक्के, दुसरे शॅकल नावाच्या झुलत्या कडीवर. या जीपमध्ये ही कडी पुढच्या टोकाला असते. उंची वाढविण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे लांब शॅकल. समजा, ती २ इंचांनी लांब घातली. पाट्याची लांबी सुमारे ३६ इंच. एक टोक २ इंच खाली गेले म्हणजे पाटा तीन अंशांहून थोडा अधिक पुढे झुकला, आणि त्याला बांधलेला आखही तितकाच. ३ अंश होते, ३ अंश गेले! गाडी उंच दिसते, नाल्यातून दगड चुकवीत निघते. पण सडकेवर चालकाला क्षणोक्षणी हातचक्र सावरावे लागते. मग दोष टायरांना दिला जातो, नवे टायर येतात, आणि गाडी पूर्वीसारखीच भटकते.

उपाय जुना आहे, सुताराचा आहे : पाचर. पाटा आणि आख यांच्यामध्ये पोलादी पाचर घालून आख पुन्हा मागे कलवायचा. पाचरीचे जाड टोक कोणत्या बाजूला, हे पाटा आखाच्या वर आहे की खाली यावर ठरते. उलटी बसविली तर उरलासुरला कोनही जातो. फार मोठी पाचर दिली तर हातचक्र जड होते आणि चाके थरथरू लागतात. शिवाय पुढच्या आखालाही इंजिनची ताकद मिळत असल्याने, आख मागे कलला की त्यात येणाऱ्या फिरत्या दांड्याचे टोक खाली झुकते आणि त्याचा सांधा वाकडा चालतो. म्हणजे सरळ चालणे हवे तर सांध्याची झीज सोसा, असा सौदा आहे. अंशमापकाने मोजून दोन्हींच्या मध्ये कुठे थांबायचे ते ठरविणाराच खरा कारागीर, असे आमचे मत आहे. आणखी एक गोष्ट नेहमी राहून जाते. हातचक्रापासून चाकापर्यंत जाणारी ड्रॅग लिंक उंचीमुळे तिरपी होते, आणि खड्ड्यात चाक वर उचलले की ते आपणहून वळते. पाचरीने हे सुधारत नाही; त्यासाठी तिचा हात खाली घ्यावा लागतो.

२०१० पासून आलेल्या थार गाडीत पुढे सबंध आख नाही. दोन्ही चाके स्वतंत्र. तिथे पाचरीला जागाच नाही. उंची वाढली की चाकांचा उभा कल आणि त्यांच्या तोंडांतील अंतर दोन्ही बदलतात, आणि मोजल्यावाचून काहीच हाती लागत नाही.

हा प्रश्न आता कायद्याच्याही दारात गेला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये दिला. गाडी उंच करणारा माणूस त्या कागदावरची लांबी, रुंदी आणि उंची तेवढी पाहतो. पुढच्या आखाचा ३ अंशांचा कोनही कारखान्याने मूळ तपशिलातच दिलेला असतो.