हमीभाव ते हेक्टरी 5,000

लातूरच्या आडत बाजारात किंवा नांदेडच्या नव्या मोंढ्यात आज सोयाबीन काय भावानं जाईल, हे सौदा निघेपर्यंत कोणी सांगू शकत नाही. सरकारचा आकडा मात्र सगळ्यांना पाठ असतो. हा हमीभाव मुळात सोयाबीनसाठी जन्मलेलाच नाही.

मराठवाड्यानं सरकारी भाव पहिल्यांदा पाहिला तो सक्तीच्या रूपात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजामाच्या राज्यात लेव्ही होती. सरकार ठरवील त्या भावात धान्य घालायचंच. त्याआधी दहाएक वर्षं अमेरिकेत वेगळीच तऱ्हा निघाली होती. महामंदीत मका इतका कोसळला की आयोवातले लोक तो सरपण म्हणून जाळत. 1933 मध्ये रूझवेल्ट सरकारनं मक्यावर बुशेलला 45 सेंट कर्ज देऊ केलं. मका शेतकऱ्याच्याच कणगीत सीलबंद राहायचा. भाव चढला तर विकून कर्ज फेडायचं, नाही चढला तर मका सरकारचा. आपल्या बाजार समित्यांतली शेतमाल तारण योजना याच जातकुळीची आहे.

भारतात 1964 साली एल. के. झा समिती नेमली गेली आणि जानेवारी 1965 मध्ये कृषिमूल्य आयोग आला. अर्थतज्ज्ञ दांतवाला त्याचे पहिले अध्यक्ष. देश परदेशी गव्हावर जगत होता. नव्या बियाण्याचा, खताचा खर्च शेतकऱ्यानं बिनघोर करावा म्हणून 1966-67 मध्ये गव्हाला आधारभूत किंमत जाहीर झाली. तिच्यामागे खरेदीला अन्न महामंडळ उभं होतं आणि खरेदी केलेला गहू जायला रेशनची दुकानं होती. आकड्याला वजन आलं ते या साखळीमुळे.

सोयाबीनच्या नशिबी ही साखळी नाही.

ज्वारी-कापसाच्या या पट्ट्यात सोयाबीन मागाहून आलं आणि रान व्यापून बसलं. कापसाला निदान 1972 पासून राज्याची एकाधिकार खरेदी होती. सोयाबीन तेल आणि पेंडीसाठी खासगी कारखान्यांत जातं, म्हणून त्याचा भाव जगाच्या बाजाराबरोबर हलतो. ऑगस्ट 2021 मध्ये लातुरात क्विंटलला 10,000 च्या वर सौदे झाले. त्याच महिन्यात केंद्रानं 12 लाख टन पेंड आयातीला मुभा दिली, आणि नवा माल येईपर्यंत भाव उतरला.

2023 च्या खरिपात हमीभाव 4,600 होता आणि हंगाम सरता सरता बाजार त्याच्याही खाली गेला. राज्यानं मग कापूस-सोयाबीनला हेक्टरी 5,000 रुपये जाहीर केले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. हेक्टरी पंधरा क्विंटल उतारा धरला तर क्विंटलमागे 333 रुपये पडतात. हे पैसे किती माल कोणत्या भावात विकला यावर नव्हते. पिकाच्या नोंदीतल्या क्षेत्रावर होते. ते सातबारावरच्या खातेदाराला मिळाले. बटईनं कसणाऱ्याचं, बी-भरण त्यानंच केलं असलं तरी, यादीत नाव नव्हतं. योजनेतली ही सर्वांत मोठी उणीव.

2024 मध्ये हमीभाव 4,892 झाला आणि नाफेडची खरेदी केंद्रं उघडली. परतीच्या पावसात भिजलेल्या सोयाबीनला 12 टक्के ओलाव्याची अट होती. नोव्हेंबरात ती 15 टक्क्यांवर नेली. तोवर उसनवारी फेडायला अनेकांनी माल आडतीवर घातला होता. पुढं बारदाना संपला, काटे थांबले. 6 फेब्रुवारी 2025 ला खरेदीची मुदत संपली, तेव्हा नोंदणी केलेल्या कित्येकांची पोती घरातच होती.