लिनक्सवर स्कॅनर चालत नाही? बिघाड नेमका कुठे आहे, ते असं ओळखा

जून उजाडला की बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या घरांत कपाटाच्या खालच्या खणातली कागदपत्रं वर जातात. त्याला कारणही आहे. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात घुसलं होतं. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली, तेव्हाही आसपासच्या वस्त्यांत पाणी होतं. अंबरनाथ आणि उल्हासनगरमधून वाहणारी वालधुनीसुद्धा पावसाळ्यात भरवशाची नाही.

उल्हासनगरात तर कागदाला जास्तच किंमत आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलं गेलं आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. मूळ वाटप, सनद, पुढचे खरेदीखत अशा कागदांच्या साखळीवर इथल्या अनेक घरांची मालकी उभी आहे. इथली अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ मध्ये राज्य सरकारला खास कायदा करावा लागला. अशा शहरात सत्तर वर्षांपूर्वीचा घडी पडलेला कागद भिजणं परवडत नाही.

म्हणून माळ्यावरचा जुना स्कॅनर खाली येतो. घरातल्या कॉम्प्युटरवर आता लिनक्स असतं, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि जुन्या मशीनवर ११ चढत नाही. केबल जोडली, प्रोग्राम उघडला की उत्तर येतं: स्कॅनर सापडला नाही. मग दुकानात विचारलं की सल्ला ठरलेला, ‘नवीन घ्या’. पण बऱ्याचदा स्कॅनर ठणठणीत असतो. उलट कॅनोस्कॅन लायड २० सारखे काही जुने स्कॅनर असे आहेत, की ६४ बिट विंडोजसाठी कंपनीनं त्यांचा ड्रायव्हर कधी दिलाच नाही, पण लिनक्सवर ते आजही चालतात.

आधी केबल, मग बाकीचं

स्कॅनर आणि स्क्रीनवरचं चित्र यांच्यामध्ये चार टप्पे असतात: तार, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, स्कॅनरची भाषा जाणणारा ‘सेन’ आणि शेवटी आपण उघडतो तो प्रोग्राम. बहुतेक लोक शेवटच्या टप्प्यावरच डोकं आपटत बसतात. एक प्रोग्राम काढून दुसरा टाकतात, आणि दोष पहिल्या टप्प्यावर असतो.

टर्मिनल उघडून ‘एलएसयूएसबी’ ही पाच इंग्रजी अक्षरं लहान लिपीत, सलग टाइप करून एंटर दाबायचं. (या लेखातल्या सगळ्या आज्ञा इंग्रजीतच टाइप करायच्या आहेत.) जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी येते. प्रत्येकीपुढे कंपनीचा क्रमांक असतो: कॅननचा ०४ए९, एप्सनचा ०४बी८, एचपीचा ०३एफ०. स्कॅनरची ओळ यादीत नसेल तर सॉफ्टवेअरला हात लावण्यात अर्थ नाही.

तेव्हा केबल बदलायची. लायडसारख्या पातळ स्कॅनरना वेगळा अडॅप्टर नसतो, वीज त्याच केबलमधून येते. यूएसबी २ चं पोर्ट साधारण ५०० मिलिअँपिअर देतं. त्यात स्वस्त हब किंवा लांबलचक केबल मध्ये आली की स्कॅनरचा दिवा लागतो पण आतला पट्टा सरकत नाही. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टपेक्षा मागचं, थेट मदरबोर्डवरचं पोर्ट बरं. ‘सुडो डीमेसेज’ या आज्ञेनं कर्नलच्या नोंदी दिसतात. तिथे ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर’ आणि उणे ७१ असा एरर पुन्हा पुन्हा दिसला, तर संशय केबल, पोर्ट किंवा वीज यांवरच घ्यायचा.

आणखी एक साधी गोष्ट. काही मॉडेलांच्या पोटाखाली कुलूप असतं, प्रवासात आतला पट्टा हलू नये म्हणून. घर बदलताना कुणीतरी ते लावलेलं असतं आणि नंतर विसरलेलं.

‘सापडला’ म्हणजे चालेलच असं नाही

यादीत स्कॅनर दिसला की पुढची पाळी ‘सेन’ची. हे नाव ‘स्कॅनर ॲक्सेस नाऊ इझी’चं लघुरूप आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्कॅनरशी बोलणारे वेगवेगळे भाग त्यात आहेत. उबुंटू किंवा मिंटवर ‘सेन-युटिल्स’ हे पॅकेज टाकलं की तपासणीच्या दोन आज्ञा मिळतात.

पहिली ‘सेन-फाइंड-स्कॅनर’. ही फक्त यूएसबीवर स्कॅनरसारखं काही आहे का ते पाहते. हिनं होकार दिला म्हणून तो चालेलच असं नाही. दुसरी ‘स्कॅनइमेज’, तिच्यापुढे जागा सोडून हायफन आणि मोठा एल. खरा निकाल हिचा. इथे एक गंमत होते: यादीत एक नाव येतं, माणूस खूश होतो आणि ते निघतं लॅपटॉपच्या वेबकॅमचं. नावाच्या सुरुवातीला ‘व्ही४एल’ असेल तर तो कॅमेरा आहे.

पहिलीला दिसतो आणि दुसरीला दिसत नाही, तर कारणं प्रामुख्यानं दोन. एक, परवानगी. हीच आज्ञा पुढे ‘सुडो’ लावून चालवायची. आता स्कॅनर दिसला, तर यंत्र निर्दोष आहे, फक्त आपल्या खात्याला ते वापरायची मुभा नाही. उबुंटू, मिंट, डेबियनवर स्वतःचं खातं ‘स्कॅनर’ या गटात घालून लॉग आउट करून परत लॉग इन करायचं. नुसती खिडकी बंद करून उपयोग नाही, लोक इथेच फसतात. कायम ‘सुडो’नं स्कॅन करत राहणं हा मात्र उपाय नव्हे.

दोन, त्या मॉडेलला कंपनीचा बंदिस्त तुकडा लागतो. एप्सनच्या व्ही३९ साठी एप्सनचं लिनक्ससाठीचं ‘एप्सन स्कॅन २’ घ्यावं लागतं. एचपीच्या अनेक यंत्रांना ‘एचपीलिप’सोबत वेगळं प्लगइन लागतं, ते ‘एचपी-प्लगइन’ या आज्ञेनं उतरतं. दोन्हींच्या आवृत्त्या जुळल्या पाहिजेत. प्रिंटर-स्कॅनर एकत्र असलेल्या नव्या यंत्रांत वेगळीच भानगड असते: ‘आयपीपी-यूएसबी’ नावाची सेवा यंत्राचा ताबा घेते आणि जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरला ते मिळत नाही. अशा वेळी ड्रायव्हर न टाकता तसाच प्रयत्न आधी करून पाहावा.

सेकंड-हँड स्कॅनर विकत घेण्याआधी सेनच्या संकेतस्थळावरची यादी पाहावी. तिथे प्रत्येक मॉडेलपुढे ते पूर्ण चालतं, बरं चालतं की अजिबात चालत नाही, याचा शेरा असतो. ‘अजिबात नाही’ असेल तर तीनशे रुपयांतही तो महाग.

एकदा चालतो, मग रुसतो

ही तक्रार काही कॅनन स्कॅनर आणि यूएसबी ३ पोर्ट यांच्या जोडीत ऐकू येते. पहिलं पान छान, दुसऱ्याला एरर, केबल काढून लावली की पुन्हा एक पान. जुनं, काळ्या रंगाचं यूएसबी २ पोर्ट असेल तर ते वापरावं. नसेल तर सेनमध्ये याच कामासाठी ‘सेन यूएसबी वर्कअराउंड’ नावाची सेटिंग आहे. तिचं इंग्रजी नाव मोठ्या लिपीत, शब्दांमध्ये अंडरस्कोअर देऊन लिहायचं, किंमत १ ठेवायची आणि त्यापुढे प्रोग्रामचं नाव देऊन तो सुरू करायचा. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर वीज वाचवण्यासाठी पोर्ट झोपवलं जातं, त्यानंही असंच होतं. लाइट गेलेली असताना स्कॅन करण्याचा हट्ट नको.

स्कॅन करताना

चालू झाला की सनद, खरेदीखत यांसाठी ३०० डीपीआय आणि रंगीत. काळं-पांढरं केलं की शिक्क्याचा निळा आणि सहीची शाई एकमेकांत मिसळतात. ए४ पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं, म्हणजे न दाबलेली रंगीत फाइल साधारण २६ एमबी. ६०० ला तीच चौपट, ती फक्त जुन्या फोटोंसाठी. मोठी फाइल मूळ म्हणून जपायची आणि ऑनलाइन अर्जासाठी तिच्यावरून लहान प्रत काढायची. मजकूर शोधता यावा असं वाटत असेल तर ‘टेसरॅक्ट’ मराठी छापील अक्षरं वाचतो. त्याच्याकडे अरबी लिपीतल्या सिंधीचीही भाषा-फाइल आहे, मात्र हस्ताक्षर असेल तर फार आशा ठेवू नये.

दमट कागद काचेवर ठेवायचा नाही. बाष्प काचेच्या खालच्या बाजूला धरतं, तिथे बोट पोचत नाही आणि पुढच्या प्रत्येक पानावर धुरकट डाग येतो. असा कागद टिपकागदांमध्ये ठेवून पंख्याखाली दोन दिवस वाळवायचा, इस्त्री फिरवायची नाही.