‘गुन्हेगारी’, ‘हरकी’ आणि दंडात्मक नुकसानभरपाई

मराठेशाहीतील निवाडापत्रे वाचताना आजच्या वाचकास ‘गुन्हेगारी’ हा शब्द चकवतो. तेथे त्याचा अर्थ अपराधी वृत्ती असा नसून, हरलेल्या पक्षाने सरकारात भरावयाचा दंड असा आहे. जिंकणाराही सुटत नसे. त्याजकडून ‘हरकी’ घेतली जाई. म्हणजे दंडाचा धनी सरकार. वादीस मिळावयाचे ते त्याचे मूळ येणे. ‘भरपाई’ या शब्दातही जितके गेले तितके पुरते पावले, एवढाच अर्थ आहे. दंड आणि भरपाई ही आपल्या भाषेत दोन वेगळी खाती होत.

साताऱ्याजवळील माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे पेशव्यांच्या न्यायासनावर होते त्याच काळात, १७६३ साली, लंडन येथे जॉन विल्क्स यास घराच्या बेकायदा झडतीबद्दल १,००० पौंड देवविण्यात आले. रक्कम केवळ हानी मोजून ठरवावयाची नसून तिने जरबही बसावी, हे तत्त्व तेथे मान्य झाले. आणि ती रक्कम राजाकडे न जाता फिर्यादीच्या पदरात पडली.

आपल्या १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ही कल्पना २००२ च्या दुरुस्तीने आली. २०१९ च्या कायद्यानेही ती राखली. सातारा आणि सांगली (१९६० पर्यंतचा दक्षिण सातारा) येथील जिल्हा आयोगांसही तो अधिकार आहे. तिचे प्रयोजन उघड आहे. हळदीच्या एका पिशवीत मापात पाप झाले तर एका ग्राहकाचे काही रुपयेच बुडतात, हजार पिशव्यांचा नफा मात्र विक्रेत्याच्या गल्ल्यात राहतो. नुसत्या भरपाईने त्यास कसली जरब बसणार?

मराठी प्रतिशब्द मात्र ‘दंडात्मक नुकसानभरपाई’ असा, दोन्ही खाती एकत्र करणारा झाला. हा घोटाळा केवळ शब्दांचा नव्हे. जनरल मोटर्सविरुद्धच्या एका तक्रारीत राष्ट्रीय आयोगाने २५ लाख रुपये ठोठावले. त्यांपैकी ५ लाख तक्रारदारास व २० लाख ग्राहक कल्याण निधीस. ही विभागणी पाहून मला जुन्या सरकारी खात्याचीच आठवण झाली. परंतु २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण तक्रारीत तशी मागणीच नव्हती आणि कंपनीस त्यावर बाजू मांडण्याची संधी मिळाली नव्हती. तेव्हा तक्रारअर्जात निव्वळ ‘नुकसानभरपाई’ लिहिणाऱ्याने तिच्यात दंडही आला असे समजू नये. तो निराळा, कारणांसह मागावा लागतो.