कळसापासून सुरुवात : कैलास लेणे आणि प्लास्टिकचा साचा

कृष्ण याज्ञवल्की यांच्या 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथात वेरूळच्या देवळाची एक कथा आहे. देवळाचे शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असा राणीने नवस केला. पायापासून बांधायला घेतले असते तर राणी उपाशीच मेली असती. पैठणच्या कोकस नावाच्या शिल्पीने मग काम वरूनच सुरू केले आणि शिखर थोड्याच दिवसांत दिसले!

कथा बाजूला ठेवली, तरी कैलास लेणे (क्रमांक १६) डोंगराच्या माथ्यावरून खाली कोरत आणले, असेच अभ्यासक मानतात. मुख्य काम आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले. काळा पाषाण एकदा उडवला की परत चिकटवता येत नाही. त्यामुळे शिखर कोठे, नंदीमंडप कोठे, जोत्यावरचे हत्ती किती खाली, हे छिन्नी लागण्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे. दगडावर गिलावा होता हे खरे. पण गिलाव्याने बारीक झालेला खांब काही जाड होत नाही.

नेमकी हीच अडचण आज पोलादात काम करणाऱ्यांना येते. वेरूळपासून सुमारे ३० किलोमीटरवर, औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत भारत-जर्मनी सहकार्यातून उभी राहिलेली इंडो-जर्मन टूल रूम ही संस्था आहे. तेथे साचे तयार होतात आणि ते करायला शिकवलेही जाते. एक फरक मात्र लक्षात ठेवावा. वेरूळला जे उरले ते देऊळ. साच्यात जे कोरून काढले, त्या पोकळीत वस्तू तयार होते. आपल्या मोदकाच्या साच्यासारखेच हे.

प्लास्टिक दाबाने साच्यात भरण्याच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेतील जॉन हायट व त्याचा भाऊ यांनी १८७२ साली घेतले. तापवून मऊ केलेले सेल्युलॉईड दट्ट्याने ढकलायचे, एवढीच ती युक्ती. दट्ट्याने माल सारखा वितळत नसे. १९४६ साली जेम्स हेन्ड्री याने फिरता स्क्रू वापरला आणि माल मळला जाऊन एकजीव होऊ लागला. यंत्र सुधारले, पण साच्याचा विचार आधी करण्यावाचून सुटका झाली नाही.

तो विचार वर्गातल्या बादलीवरही वाचता येतो. ती वर रुंद आणि खाली अरुंद असते. एकात एक बसण्यासाठी तो आकार सोयीचा आहेच. पण भिंती अगदी सरळ ठेवल्या तर ती साच्यातून सुटणेही अवघड होईल. बुडाच्या मध्यावरचा खरखरीत ठिपका म्हणजे प्लास्टिक आत शिरण्याची वाट.

आकुंचन तर डोळ्यांना दिसतही नाही. बादलीचे पॉलिप्रॉपिलीन थंड होताना शेकडा एक ते अडीच इतके आखडते. दीड टक्का धरला, तर ३० सेंटिमीटर उंचीच्या बादलीसाठी पोकळी सुमारे साडेचार मिलिमीटर जास्त लागते. पण नक्की आकडा मालाच्या जातीवर, भिंतीच्या जाडीवर, दाबावर आणि थंड करण्यावर अवलंबून. मग कारागीर काय करतो? शंका असेल तेथे पोकळी किंचित लहान आणि आतला गाभा किंचित मोठा ठेवतो. चाचणीचे नग काढून मोजतो आणि लागेल तेवढे पोलाद नंतर काढतो. जास्त कोरले गेले, तर वेल्डिंगने भर घालून पुन्हा घासावे लागते. त्यात वेळ जातो, पैसा जातो आणि पृष्ठभाग पहिल्यासारखा होईलच असे नाही. आमच्या मते या धंद्यातले खरे शहाणपण या राखून ठेवण्यात आहे, महागड्या यंत्रांत नाही.

वेरूळला सहल नेलीत, तर कैलासवरून पुढे जैन लेण्यांकडेही जा. तिथले 'छोटा कैलास' (क्रमांक ३०) हे लेणे अपुरे राहिले आहे. कोणता भाग पूर्ण झाला आणि कोणता नुसता दगडच राहिला, हे विद्यार्थ्यांना वहीत काढायला सांगा आणि काम कोणत्या क्रमाने चालले असेल, ते त्यांनाच ठरवू द्या.