उटकुबांबा खोऱ्यातला चार पिसांचा पक्षी

मार्व्हलस स्पॅचुलटेल हा हमिंगबर्ड उत्तर पेरूतल्या अँडीज पर्वतात राहतो. बहुतेक हमिंगबर्डच्या शेपटीत दहा पिसे असतात, याच्या चारच. नराची बाहेरची दोन पिसे शरीरापेक्षा कितीतरी लांब, तारेसारखी बारीक आणि एकमेकांना छेदून गेलेली असतात. त्यांच्या टोकांना जांभळट निळ्या चकत्या असतात. डोक्यावर निळा तुरा, गळा हिरवट निळा, पोट पांढरे आणि त्यावर मधोमध काळी रेघ. मादीला तुरा नसतो, शेपटीही आखूड असते.

अँड्र्यू मॅथ्यूज या इंग्रज वनस्पती-संग्राहकाला हा पक्षी 1835 मध्ये मिळाला. लंडनजवळच्या हॅक्नीतील नामांकित रोपवाटिकेचे मालक जॉर्ज लॉडिजेस यांच्यासाठी तो नमुने गोळा करत असे. लॉडिजेस यांना ऑर्किडइतकाच हमिंगबर्डचाही नाद होता. मॅथ्यूज 1841 मध्ये चाचापोयास इथे वारला. पुढे 1847 मध्ये बूर्सिए या फ्रेंच अभ्यासकाने पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. तोवर लॉडिजेसही हयात नव्हते. त्यांचे नाव मात्र लॉडिजेसिया या प्रजातिनामात राहिले.

त्यानंतर कित्येक वर्षे युरोपात या पक्ष्याचा तो एकच नमुना होता. नराची शेपूट खरोखर कशी हलते, हे पेंढा भरलेल्या पक्ष्यावरून कळणार कसे? 1880 च्या सुमारास पोलिश संग्राहक यान श्टोल्ट्समन याला तो पुन्हा सापडला, आणि नराचे प्रणयनृत्यही त्याने पाहिले. मादीसमोर हवेत तरंगत नर दोन्ही चकत्या डोक्याभोवती नाचवतो. दोन्ही पिसे तो वेगवेगळी हलवू शकतो, हे त्यातले खरे नवल.

एवढी वर्षे तो नजरेआड राहिला, त्याचे मोठे कारण म्हणजे त्याचा चिमुकला मुलूख. मारान्योनला मिळणाऱ्या उटकुबांबा नदीच्या खोऱ्यात, अमेझोनास प्रांतात, साधारण 2,000 ते 2,900 मीटर उंचीवर त्याची मुख्य वस्ती आहे. शेजारच्या सान मार्टिन प्रांतातही काही नोंदी आहेत. घनदाट रानापेक्षा रानाची कड आणि झुडपे त्याला जास्त मानवतात. बोमारिया वेलीची तांबडी फुले त्याच्या विशेष आवडीची.

शेतीसाठी होणारी जंगलतोड हा त्याला मोठा धोका आहेच. शिवाय वाळवलेले काळीज कामोत्तेजक असते या समजुतीपायी स्थानिक लोक गलोलीने नर टिपत. पोमाकोचास गावाजवळच्या हुएम्बो राखीव क्षेत्रात एकोआन ही पेरूची संस्था आणि गावकरी मिळून आता त्याचे रान राखतात, आणि त्याला पाहायला जाणारे बहुतेक पक्षीनिरीक्षक तिथेच जातात.